सरपंचबाई, तुम्हाला निवडलं कुणी?

२ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झालं. मतदान केंद्रात गेलेल्या बाईला नगरसेवकासाठी मत द्यायचं होतंच, शिवाय नगराध्यक्षासाठी वेगळं मत द्यायचं होतं. त्याच्या चार वर्षं आधी, डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत, यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी नगरपंचायतीची निवडणूक झाली. तिथल्या बाईला मात्र एकच मत होतं, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाचं. असे १७ नगरसेवक निवडून आले आणि नगराध्यक्ष कोण, हे त्या १७ जणांनी आपसात ठरवलं.

राज्य तेच, नगरपंचायतीचा कायदाही तोच. मग एका ठिकाणी अध्यक्ष लोकांनी निवडायचा आणि दुसऱ्या ठिकाणी सदस्यांनी, असं का? ‘राजकारणातल्या खेळ्या आहेत, आपल्याला काय करायचंय?’ असं म्हणून आपण पान उलटतो. पण हा फरक नुसत्या बटणाचा नाही. लोकशाहीचे जे वेगवेगळे प्रकार आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरून गेलो, तेच आपल्या गावच्या चावडीवर येऊन बसले आहेत. आणि गावात निम्म्या खुर्च्या बायकांसाठी राखीव असल्यामुळे त्याचा पहिला फटका, नाहीतर पहिला फायदा, बाईलाच होतो.

आधी प्रकार समजून घेऊ. त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही, आपला बचत गट पुरे. गटातल्या दहा-बारा जणी बसून आपली अध्यक्ष निवडतात. ही थेट निवड. मग गावातल्या सगळ्या गटांचा मिळून ग्रामसंघ होतो. तिथे गटांच्या प्रतिनिधी जातात आणि त्या प्रतिनिधी ग्रामसंघाची अध्यक्ष निवडतात. म्हणजे गटातल्या साध्या सभासद बाईने ग्रामसंघाच्या अध्यक्षाला स्वतः मत दिलेलं नसतं, तिच्या वतीने दुसरीने दिलेलं असतं.

आपल्या देशाचं सरकार या दुसऱ्या पद्धतीने चालतं. झरी जामणी तालुका यवतमाळ जिल्ह्यात असला तरी लोकसभेसाठी तो चंद्रपूर मतदारसंघात येतो. २०२४ मध्ये तिथून प्रतिभा धानोरकर निवडून आल्या. झरीच्या बाईचं मत तिथपर्यंत. पंतप्रधान कोण, हे लोकसभेत ज्यांचं बहुमत त्यांनी ठरवायचं. बहुमत गेलं की पंतप्रधानही जातो. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार अवघ्या एका मताने पडलं, ते आपल्यापैकी अनेकींनी टीव्हीवर पाहिलंय. ही संसदीय पद्धत. आपण ती इंग्लंडकडून घेतली.

अमेरिकेत अध्यक्षीय पद्धत आहे. तिथे अध्यक्षाची निवडणूक वेगळी आणि त्यांच्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची, वेगळी. काँग्रेसमध्ये विरोधकांचं बहुमत आलं म्हणून अध्यक्ष घरी जात नाही. त्याला काढायचं तर महाभियोग चालवावा लागतो आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. खुर्ची पक्की असते. पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे असते. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून ट्रम्प आणि काँग्रेस यांचं जुळेना, तेव्हा तिथल्या सरकारचं बरंचसं काम ३५ दिवस बंद पडलं होतं.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राने गेल्या पंचवीस वर्षांत या दोन पद्धतींमध्ये किती उड्या मारल्या ते पाहा. २००१ मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडले. २००६ मध्ये ते बंद केलं. २०१६ मध्ये पुन्हा थेट. २०१७ मध्ये सरपंचही थेट. २०२० मध्ये सरकार बदललं होतं, त्याने दोन्ही पदं पुन्हा सदस्यांच्या हाती दिली. २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदललं आणि दोन्ही पदं पुन्हा थेट झाली. प्रत्येक वेळी ‘लोकशाही बळकट करण्यासाठी’ असंच कारण सांगितलं गेलं. सूनबाईने घरातलं फर्निचर हलवावं तसं प्रत्येक सरकारने हे पद हलवलं. खालच्या पातळीवर आपल्या पक्षाला कुठली पद्धत सोयीची, हा हिशेब त्यामागे नव्हता असं कोण म्हणेल?

पण पक्षांचा हिशेब सोडून देऊ आणि आपला हिशेब मांडू. समजा, झरी जामणी तालुक्यातलं एक लहान गाव आहे. पैनगंगेच्या अलीकडचं, नदी ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद. गावात गोंड, कोलाम, परधान, कुणबी अशी वस्ती. ग्रामपंचायतीत सात सदस्य. गाव अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव. या वेळी सोडतीत ते आदिवासी महिलेसाठी निघालंय.

सदस्यांनी सरपंच निवडायचा असेल तर तिला सातांपैकी चार मतं लागतात. हे चार जण कोण असतात? बहुतेक वेळा गावातल्या एका कर्त्या माणसाच्या शब्दातले. ती माणसं तिला म्हणतात, ‘तुम्ही खुर्चीवर बसा, कागदपत्रांचं आम्ही पाहतो.’ तिने एखाद्या रस्त्याच्या बिलावर सही करायला नकार दिला की दुसऱ्या दिवशी अविश्वास ठरावाची भाषा सुरू. आपल्या जुन्या कायद्याने ही भानगड ओळखली होती. म्हणूनच सरपंचावर अविश्वास आणायला दोन तृतीयांश मतं लागत, पण महिला राखीव पदावरच्या बाईला हटवायचं तर तीन चतुर्थांश. सात जणांच्या पंचायतीत पुरुषाला घालवायला पाच हात पुरत, बाईला घालवायला सहा लागत. एका हाताचा फरक आहे, पण तोही झगडून मिळालेला आहे.

थेट निवडीत तिचं नाव सगळ्या गावापुढे जातं. चार जणांची मर्जी नाही, गावाची मतं लागतात. तिला काढायचं तर आधी सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतांनी ठराव व्हावा लागतो आणि मग खास ग्रामसभेत गुप्त मतदान होऊन गावाने त्याला होकार द्यावा लागतो. निवडून आल्यावर पहिली दोन वर्षं तर असा ठराव आणताच येत नाही. म्हणजे जिने तिला मत दिलं, त्या बाईलाच पुन्हा विचारायचं, ‘हिला ठेवू की काढू?’ माझ्या मते ही मोठी गोष्ट आहे.

मग थेट निवडच चांगली, असं म्हणून मोकळं व्हायचं का? थांबा. सरपंच एका पॅनलची आणि सदस्य दुसऱ्या पॅनलचे, असं झालं की अमेरिकेचा खेळ गावात सुरू होतो. ती ठराव मांडते, सदस्य तो हाणून पाडतात. पाच वर्षं मासिक सभेत नुसती खडाजंगी. शिवाय गावभर प्रचार करायचा तर पैसा लागतो, गाडी लागते, माणसं लागतात. मोलमजुरी करणाऱ्या बाईकडे ते कुठून येणार? ती पुन्हा कुणाच्या तरी पैशावर उभी राहते आणि तो पैसा पुढे वसूल होतो. ‘सरपंचपती’ हा प्राणी दोन्ही पद्धतींत तितकाच धष्टपुष्ट आहे.

जगाकडे पाहिलं तरी सरळ उत्तर मिळत नाही. श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके १९६० मध्ये, आपल्या इंदिराबाई १९६६ मध्ये, इंग्लंडच्या थॅचरबाई १९७९ मध्ये पंतप्रधान झाल्या, त्या संसदीय पद्धतीतूनच. इंदिराबाईंना तर पहिल्यांदा पक्षाच्या खासदारांनी मोरारजी देसाईंच्या विरोधात मतं देऊन निवडलं. ही बाई आपल्या मुठीत राहील, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. पुढचा इतिहास आपल्याला माहीतच आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली, तरी तिथल्या निर्वाचक मंडळाच्या गणितात त्या हरल्या. पण शेजारच्या मेक्सिकोत २०२४ मध्ये क्लॉदिया शाइनबाउम थेट लोकांच्या मतांनी अध्यक्ष झाल्या. आणि आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात १९६० पासून २०२५ संपेपर्यंत एकही बाई मुख्यमंत्री झाली नाही. तेव्हा नुसती पद्धत बदलून बाईचं नशीब पालटतं, असं नाही.

इथे तिसरा प्रकार येतो. त्याचं नाव प्रत्यक्ष लोकशाही. प्रतिनिधी निवडायचाच नाही, लोकांनीच एकत्र बसून ठरवायचं. याचं जगातलं नावाजलेलं उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंड. तिथल्या काही प्रांतांत लोक वर्षातून एकदा चौकात जमतात आणि हात वर करून कायदे मंजूर करतात. ऐकायला किती छान! पण त्या चौकात बायका नव्हत्या. बायकांना मत द्यायचं का, हेही पुरुषांनीच मतदान करून ठरवायचं होतं. १९५९ मध्ये त्यांनी ‘नको’ म्हटलं. १९७१ मध्ये देशपातळीवर ‘हो’ म्हटलं. आपल्या आज्या-आया १९५२ पासून मतदान करत होत्या आणि स्वित्झर्लंडच्या बाईला त्यानंतर एकोणीस वर्षांनी मत मिळालं! अपेन्झेल इनररोडन नावाच्या छोट्या प्रांतात तर चौकात जमलेल्या पुरुषांनी एप्रिल १९९० मध्येही बायकांना नकारच दिला. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोर्टाने हुकूम काढला, तेव्हा १९९१ पासून तिथल्या बायका सभेत उभ्या राहिल्या.

यातून मी एवढंच शिकले की सगळ्यात शुद्ध म्हणवणाऱ्या लोकशाहीतही मैदानात कोण उभं आहे, हे आधी मोजावं लागतं.

आपल्याकडे या तिसऱ्या प्रकाराचं नाव ग्रामसभा. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. तिथे निवडून यावं लागत नाही, आरक्षणाची सोडत लागत नाही, पॅनल लागत नाही. वर्षातून किमान चार सभा झाल्याच पाहिजेत आणि नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं आपला कायदा सांगतो. आता खरं सांगा, तुमच्या गावात महिला ग्रामसभा कधी झाली, ते तुम्हाला आठवतं का? की रजिस्टर घरी आलं आणि तुम्ही भाकरी थापता थापता सही केली?

झरी जामणी तालुक्यात या ग्रामसभेला जास्त वजन आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्यांत अनुसूचित क्षेत्रातली गावं आहेत, त्यात मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव यांच्यासोबत झरी जामणीही आहे. या गावांना १९९६ चा ‘पेसा’ कायदा लागू होतो. त्याचे महाराष्ट्राचे नियम यायला २०१४ उजाडलं, म्हणजे अठरा वर्षं गेली. हा कायदा गावाला काय देतो? तेंदू, मोह, बांबू यांसारख्या गौण वनोपजाची मालकी. दारूच्या दुकानावर बंदी किंवा नियंत्रण. सावकारीवर लक्ष. आदिवासींची जमीन दुसऱ्याच्या घशात जात असेल तर ती रोखणं. प्रकल्पासाठी जमीन घ्यायची तर त्याआधी गावाशी सल्लामसलत. ज्या तालुक्यात मार्की-मांगलीचा कोळसा आहे आणि मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, तिथे या कलमाची किंमत वेगळी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. या भागात कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. पोड मूळ गावापासून लांब असतं. ग्रामसभा भरते मूळ गावात, शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या आवारात. पोडावरच्या बाईने रोजी बुडवून, लेकरू कडेवर घेऊन तिथपर्यंत चालत जायचं आणि मागे उभं राहून दुसऱ्याच लोकांचं बोलणं ऐकायचं. पेसाने यावर तोड काढलीय. पोडालाच वेगळं गाव धरून त्याची स्वतःची ग्रामसभा करता येते. त्यासाठी पोडावरच्या मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. लोकशाहीचा कुठला प्रकार चांगला, यावर विद्वान लोक ग्रंथ लिहितात. पण सभा घरापासून किती लांब भरते, हा प्रश्न त्या बाईला आधी सुचेल.

चांगलं उदाहरणही आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांच्या सहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर पुन्हा चर्चा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून गाव आपला बांबू आपण विकू लागलं. बहुमतात गप्प बसणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. सहमतीत निदान तिला विचारावं लागतं.

मात्र ग्रामसभेला डोक्यावर घेऊन नाचण्याआधी एक कडू गोष्ट बोलायला हवी. झरी जामणीचं नाव पेपरात गाजलं ते कुमारी मातांमुळे. बाहेरून कामाधंद्याला आलेल्या माणसांनी लग्नाचं आमिष दाखवून फसवलेल्या आदिवासी मुली, त्यांची मुलं, त्यांच्यावर आलेलं एकटेपण. पेसा कायदा ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्याचा आणि गावातले तंटे आपल्या रीतीने सोडवण्याचा अधिकार देतो. अधिकार चांगला आहे, पण दुधारी आहे. अशी एखादी मुलगी उद्या ग्रामसभेपुढे आली तर सभा त्या फसवणाऱ्याचा माग काढेल, की मुलीलाच दंड ठोठावून मोकळी होईल? ते कायद्याच्या पुस्तकावर ठरणार नाही. सतरंजीवर त्या दिवशी किती बायका बसल्या आहेत आणि त्यातली एक तरी उठून बोलते का, यावर ठरेल.

दारूचंही तसंच. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. आपली ‘आडवी बाटली’. पण ती जिंकायला आलेल्या मतांपैकी निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांची मतं लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी राहिली, ती उभ्या बाटलीच्या बाजूने गेली, असाच हिशेब होतो. शेजारच्या चंद्रपूरकडे पाहा. बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला पायी गेल्या, तेव्हा कुठे १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीचे फायदे-तोटे हा वेगळा वाद आहे. पण वरून मिळालेली गोष्ट वरून काढूनही घेतली जाते, आणि काढताना मोर्चात चाललेल्या बाईला कुणी विचारत नाही, एवढं त्यातून दिसलं.

आता सुरुवातीच्या झरी जामणीकडे परत येते. २०१४ च्या सुमारास राज्य सरकारने ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायच्या. त्यातून झरीची नगरपंचायत झाली. गावाला बढती मिळाली, मुख्याधिकारी आला, निधीची नवी खाती उघडली. पण एक गोष्ट गेली, तिचा फारसा कुणी उच्चार केला नाही. नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. काल जी बाई उठून हिशेब विचारू शकत होती, तिच्या हाती आता पाच वर्षांतून एकदा बटण दाबणं उरलं. पेसासारखा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठी करावा म्हणून २००१ मध्ये संसदेत विधेयक आलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

नगराध्यक्ष थेट निवडायचा की सदस्यांमधून, यावर विधानसभेत तावातावाने भाषणं झाली. ज्या सभेत बाई स्वतः बसू शकत होती ती सभाच गेली, त्यावर अशी भाषणं झाल्याचं मला तरी आठवत नाही.

म्हणून यापुढे कुणी ‘आम्ही लोकशाही बळकट केली’ म्हटलं की आपण साधे प्रश्न विचारू या. हिला निवडलं कुणी? हिला काढू शकतं कोण? हिशेब कुणापुढे ठेवायचा? आणि जिथे ठेवायचा तिथे मला बसायला जागा आहे का? थेट सरपंच असो की सदस्यांनी निवडलेला, या प्रश्नांची उत्तरं बाईच्या सोयीची आली तर ती पद्धत चांगली.

सर्वसाधारण गावात ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला हजेरीची अटच नसते. मग पाच-दहा जण बसून सगळ्या गावाचे ठराव करतात. १५ ऑगस्टला बायका निंदणाला गेलेल्या असतात, २ ऑक्टोबरनंतर कापसाची वेचणी डोक्यावर असते, हे ठराव करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. तेव्हा सभेची वेळ संध्याकाळची ठेवा, एवढी एक मागणी बचत गटाने लेखी दिली तरी पुष्कळ फरक पडेल. आणि महिला ग्रामसभेचं रजिस्टर घरी सहीला आलं, तर भाकरी तव्यावरून उतरवा, गॅस बंद करा आणि विचारा, ‘सभा झाली कधी?’